सॅन आणि नॅस वेगळंच ठेवावं की एकाच युनिफाइड बॉक्समध्ये आणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॅन म्हणजे सर्व्हरला थेट डिस्कसारखी जागा देणारं स्टोरेज, नॅस म्हणजे नेटवर्कवरून फायली देणारं, आणि युनिफाइड बॉक्स ही दोन्ही कामं एकत्र करतो. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, आयटीत दोनच माणसं. ईआरपीचा (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस आणि तीसेक व्हीएम (आभासी सर्व्हर) एका जुन्या फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचं खास नेटवर्क) सॅनवर आहेत, मिळून १२ टीबी. डिझाईन, क्वालिटी आणि अकाउंट्सच्या फायली दोन वेगवेगळ्या नॅसवर, मिळून २५ टीबी. तिन्ही बॉक्सची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) यंदा संपतेय. व्हेंडर म्हणतो, तिन्ही काढा आणि एकच युनिफाइड स्टोरेज घ्या: ३.८४ टीबीच्या २४ एसएसडी, 'इफेक्टिव्ह' (डेटा दाबून मावेल असं धरून) ३०० टीबी. घ्यावं का, आणि घेतलं तर काय सांभाळावं?

घ्या. पण व्हेंडर जी कारणं देतोय त्यांच्यासाठी नको. वेग तर कुठल्याही चांगल्या एसएसडी बॉक्सकडून मिळेलच. जुन्या सॅनमधली ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला ७५-१०० आयओ (वाचन-लेखनाची कामं) देते, त्यामुळे त्यानंतर काहीही घेतलं तरी ईआरपीवाले खूश होतील. खरा फायदा माणसांचा आहे. दोन जणांना तीन कन्सोल, तीन फर्मवेअर आणि तीन एएमसी सांभाळाव्या लागणार नाहीत, आणि मोकळी जागा तीन ठिकाणी अडकून न राहता एका पूलमध्ये (सगळ्या डिस्कच्या सामायिक जागेत) येईल. खरा तोटाही तिथेच आहे. आजवर नॅस बसलं तरी ईआरपी चालू राहायचा, ईआरपीचं सॅन बसलं तरी डिझाईनवाले काम करत राहायचे. आता जे वेगवेगळं बंद पडायचं ते एकत्र बंद पडेल. म्हणून पुढचं उत्तर बहुतेक त्याच्याच तयारीबद्दल आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचे सगळे घोळ तिच्यातून निघतात. ब्लॉक स्टोरेजमध्ये बॉक्स तुमच्या सर्व्हरला नुसता लन (कोऱ्या डिस्कसारखा जागेचा तुकडा) देतो. त्यावर फाईल सिस्टम सर्व्हर स्वतः टाकतो, विंडोजची एनटीएफएस असो की व्हीएमवेअरची व्हीएमएफएस. आत काय लिहिलंय ते बॉक्सला कळत नाही. फाईल स्टोरेजमध्ये फाईल सिस्टम बॉक्सच्या ताब्यात असते आणि युजर एसएमबी (मुख्यतः विंडोजचा) किंवा एनएफएस (मुख्यतः लिनक्सचा) या प्रोटोकॉलने तिच्याशी बोलतात. त्यामुळे फाईलबरोबर युजर, परवानग्या, फाईल लॉक, अॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजमधली युजरची नोंदवही), डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा), अँटिव्हायरस हे सगळं लचांड बॉक्सच्या दारात येतं. लनचा संसार दोन-चार सर्व्हरपुरता असतो. शेअरला (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरला) अख्ख्या कंपनीशी जुळवून घ्यावं लागतं.

बाजारातले युनिफाइड बॉक्स आतून एकसारखे नसतात. नेटअॅप १९९२ साली सुरू झाली ती फाईल सर्व्हर बनवण्यासाठी. लन देण्याची सोय नंतर आली, आणि तिथे लन ही त्यांच्याच वाफल फाईल सिस्टममधली एक वस्तू असते. ईएमसी उलट्या बाजूने आली. ब्लॉकसाठी क्लॅरिऑन होतं, जे १९९९ मध्ये डेटा जनरल विकत घेतल्यावर त्यांच्याकडे आलं, आणि फाईलसाठी सेलेरा. २०११ च्या जानेवारीत दोन्ही व्हीएनएक्स या एका नावाखाली आली, पण आत ब्लॉकचे प्रोसेसर वेगळे आणि फाईलचे डेटा मूव्हर वेगळे होते. २०१६ च्या युनिटीत दोन्ही कामं एकाच कंट्रोलरच्या (बॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) जोडीवर आली. झेडएफएस या फाईल सिस्टमवर चालणाऱ्या ट्रूनॅससारख्या प्रणालीत एकाच पूलमधून ब्लॉकसाठी झेडव्हॉलही कापता येतो आणि फायलींसाठी डेटासेटही. यातलं कुठलंही चूक नाही. पण व्हेंडरला पहिला प्रश्न हाच विचारा: फाईल सर्व्हिस नेमकी कुठे चालते? त्याच कंट्रोलरवर, वेगळ्या हार्डवेअरवर, की आत एका व्हीएममध्ये? आणि लगेच दुसरा: ब्लॉकला मिळणारे स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत), रेप्लिकेशन (दुसऱ्या बॉक्सवर प्रत), क्यूओएस (कोणाला किती वेग याची मर्यादा) फाईललाही तसेच मिळतात का, की फाईलचं लायसन्स वेगळं आणि सोयी कमी? ब्रोशरच्या पहिल्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी असतात. फरक कळतो तो सपोर्ट मॅट्रिक्समध्ये (काय चालतं, काय नाही याच्या तक्त्यात).

आता त्या ३०० टीबीचं बघू. ३.८४ गुणिले २४ म्हणजे ९२.१६ टीबी. दोन डिस्कची पॅरिटी (डिस्क बिघडली तर डेटा परत उभा करण्यासाठी) आणि एक स्पेअर धरली तर २१ डिस्क उरतात, म्हणजे ८०.६४ टीबी. हे दहाच्या हिशोबातलं. विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, त्याला ते ७३.३ दिसेल, आणि अकाउंट्सचा कोणीतरी नक्की विचारेल की सात टीबी गेले कुठे. पूल ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, म्हणजे वापरायला ६४.५ टीबी. तुमचा आजचा डेटा ३७ टीबी. वर्षाला २० टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी ६४ च्या आसपास. म्हणजे काहीच दाबलं गेलं नाही तर हा बॉक्स तीन वर्षं पुरतो, आणि त्यात स्नॅपशॉटची जागा अजून धरलेली नाही. ३०० हा आकडा जवळपास चारास एक दाबण्यावर उभा आहे. डेटाबेस आणि एकसारख्या व्हीएम बऱ्यापैकी दबतात, डीडुपही होतात (सारखे तुकडे एकदाच ठेवले जातात). पण तुमचा दोन तृतीयांश डेटा फायलींचा आहे. त्यातले इन्स्पेक्शनचे फोटो, व्हिडिओ, झिप, पीडीएफ आधीच दाबलेले असतात. कॅडच्या फायलींचं फॉरमॅटनुसार बदलतं. व्हेंडरकडे मोजमाप करणारं टूल असतं. ते तुमच्याच शेअरवर चालवायला सांगा आणि जो आकडा येईल त्याची लेखी हमी घ्या: कमी पडलं तर डिस्क त्यांनी फुकट द्यायच्या. हमीच्या बारीक अक्षरात 'आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा वगळून' असं वाक्य सापडलं तर तुमच्यासाठी त्या हमीत फारसं काही उरत नाही.

एकत्र पूलचा सगळ्यात मोठा धोका जागा संपण्याचा आहे, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. शेअर भरला तर युजरला 'डिस्क फुल' दिसतं, तो फोन करतो, तुम्ही जागा करता. थिन लनखालचा (थिन म्हणजे जागा आधी राखून न ठेवता लागेल तशी घेणारा) पूल भरला तर तसं होत नाही. सर्व्हरला वाटतं की आपल्याकडे अजून भरपूर जागा आहे, तो लिहायला जातो आणि लिखाण नाकारलं जातं. व्हीएमवेअर अशा वेळी व्हीएम थांबवून ठेवतं. डेटाबेस सरळ झोपतो. वेगळ्या बॉक्समध्ये हे दोन संसार एकमेकांना शिवत नव्हते. आता शनिवारी कोणीतरी पोर्टेबल हार्डडिस्क लावून शॉप फ्लोअरचे व्हिडिओ शेअरवर ओतले, तर सोमवारी सकाळी डिस्पॅचची इन्व्हॉइस निघणार नाहीत. उपाय सोपे आहेत, फक्त पहिल्याच दिवशी करायचे आहेत. प्रत्येक शेअरला कडक कोटा लावा. ईआरपीचे लन थिन न ठेवता पूर्ण राखीव जागेवर ठेवा, किंवा बॉक्समध्ये सोय असेल तर त्यांच्यासाठी वेगळा छोटा पूल काढा. ७० आणि ८० टक्क्यांचे अलर्ट ईमेलवर नाही, एसएमएसवर घ्या. आणखी एक: लनमधल्या फायली सर्व्हरने पुसल्या तरी बॉक्सला ते आपोआप कळत नाही. अनमॅपचा ('ही जागा मोकळी झाली' असा) आदेश खालपर्यंत पोहोचला तरच जागा पूलमध्ये परत येते. व्हीएमएफएस ६ हे स्वतः करतं. जुनी व्हीएमएफएस ५ ची डेटास्टोअर (व्हीएम ठेवायच्या जागा) तशीच उचलून आणू नका, नवीन बनवून व्हीएम त्यात हलवा.

दुसरा धोका कोंबडी आधी की अंडं आधी, या जातीचा. बॉक्सची फाईल सर्व्हिस युजर ओळखण्यासाठी अॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि डीएनएसवर अवलंबून असते. तुमचे दोन्ही डोमेन कंट्रोलर (अॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर) व्हीएम आहेत आणि त्या व्हीएम याच बॉक्सवर जाणार. रोज काही बिघडत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, यूपीएस संपला आणि सगळंच थंड पडलं, की मग खेळ सुरू होतो. वीज आल्यावर बॉक्स उठतो, डोमेन कंट्रोलर शोधतो, तो सापडत नाही. होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) डीएनएस शोधतात, तेही नाही. लन फायबर चॅनलवर असतील तर निदान व्हीएम उठतात, कारण तिथे नावाची गरजच नसते. व्हीएम एनएफएसवर असतील आणि डेटास्टोअर आयपीऐवजी नावाने जोडलेलं असेल तर तेही लटकतं. हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) एसएमबी शेअरवर चालवत असाल तर अजून वाईट, कारण शेअर उघडायलाच अॅक्टिव्ह डिरेक्टरी लागते. म्हणून एक डोमेन कंट्रोलर एखाद्या होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, किंवा जुना का होईना पण वेगळा फिजिकल सर्व्हर द्या. आणि चालू करण्याचा क्रम (बंद करताना उलटा) छापून सर्व्हर रूमच्या दाराला आतून चिकटवा: आधी स्विच, मग स्टोरेज, मग तो डोमेन कंट्रोलर, मग बाकीचे होस्ट, सगळ्यात शेवटी ईआरपी. घड्याळही तपासा. केर्बेरॉसला (अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीला) मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि बॉक्सचं एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) लावायचं राहून जाणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

बॉक्समध्ये दोन कंट्रोलर आहेत, मग काळजी कसली, असं व्हेंडर म्हणेल. ब्लॉकच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे एकाहून जास्त रस्ते) नीट लावलेलं असेल तर एक कंट्रोलर गेल्यावर काही सेकंदांत दुसरा रस्ता पकडला जातो आणि डेटाबेसला फक्त जरासा झटका बसतो. फाईलमध्ये अख्खा नॅस सर्व्हर, त्याचा आयपी आणि फाईल सिस्टम दुसऱ्या कंट्रोलरवर जाऊन उभी राहावी लागते. एनएफएस ३ चे क्लायंट तेवढा वेळ नुसते थांबतात आणि मग पुढे चालतात. एसएमबीची सेशन तुटतात. त्यावर एसएमबी ३ मध्ये कंटिन्युअस अव्हेलेबिलिटी (सेशन न तुटता पुढे चालण्याची सोय) आहे, पण ऑफिसच्या शेअरवर ती सहसा चालू नसते. म्हणजे फर्मवेअर अपग्रेड 'नॉन-डिसरप्टिव्ह' असलं तरी ज्याच्या स्क्रीनवर मोठी एक्सेल किंवा असेम्ब्ली उघडी आहे त्याला ते तसं वाटणार नाही. अपग्रेड रविवारीच करा. आणि दोन्ही कंट्रोलरचा सीपीयू नेहमीच्या कामात ५० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर एक गेल्यावर दुसरा दोघांचा भार उचलू शकणार नाही. युनिफाइडमध्ये हे जास्त जपावं लागतं. लाखो छोट्या फायली असलेल्या शेअरवर अँटिव्हायरस किंवा बॅकअप फिरायला लागला की सीपीयू खातो, आणि भोगावं लागतं ईआरपीला. क्यूओएस असेल तर शेअरवर मर्यादा घाला, डेटाबेसवर नको.

स्थलांतराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कारखान्यात खरी आरडाओरड तिथे होते. व्हीएम हलवणं सोपं आहे, स्टोरेज व्हीमोशन (व्हीएमवेअरची चालू व्हीएम हलवण्याची सोय) लावा आणि घरी जा. फायलींचं तसं नाही. सॉलिडवर्क्ससारख्या कॅडमध्ये असेम्ब्ली आपल्या पार्टचे पूर्ण पाथ जपून ठेवते, एक्सेलमधल्या लिंकही तशाच असतात. सर्व्हरचं नाव बदललं की दहा वर्षांची ड्रॉइंग 'फाईल सापडत नाही' म्हणायला लागतात. त्यामुळे शक्य असेल तर जुन्या नॅसचं नावच नव्या बॉक्सला उपनाव म्हणून द्या, डीएनएसमध्ये आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या एसपीएनमध्ये (सर्व्हिसच्या नावाच्या नोंदीत), दोन्हीकडे. एसपीएन विसरलात तर शेअर कोणाला उघडेल, कोणाला नाही, आणि तुम्ही आठवडाभर परवानग्या तपासत बसाल. डीएफएस नेमस्पेस (सर्व्हर बदलला तरी न बदलणारा पाथ देणारी सोय) मात्र आत्ताच सुरू करा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्नच येणार नाही. रोबोकॉपी (विंडोजचं कॉपी करायचं टूल) परवानग्या, मालकी आणि वेळेच्या नोंदींसह चालवा. पहिली मोठी कॉपी आठ दिवस आधी करा, मग रोज फक्त फरक, आणि शेवटचा फेरा शेअर रीड-ओन्ली करून. जुन्या नॅसवर लिनक्सच्या आणि विंडोजच्या परवानग्या एकाच शेअरवर मिसळलेल्या असतील तर ती खिचडी नव्या बॉक्सवर नेऊ नका. प्रत्येक शेअरसाठी एकच पद्धत ठरवा.

मग एसएमबी १, म्हणजे त्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच्याच भोकातून जगभर घुसलं, त्यामुळे नव्या बॉक्सवर ते मुळात बंद असतं आणि बंदच राहिलं पाहिजे. पण तुमच्याकडे दोन ठिकाणी ते नक्की निघणार. एक, अकाउंट्समधलं झेरॉक्स मशीन, जे स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकतं. दोन, विंडोज एक्सपीवर चालणारी सीएनसी मशीनं, जी प्रोग्रॅम शेअरवरून उचलतात. त्यांच्यासाठी एक छोटी लिनक्स व्हीएम वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) उभी करा, सांबावर (लिनक्सवर एसएमबी देणारं सॉफ्टवेअर). ती मशीनशी जुन्या भाषेत बोलेल, मुख्य शेअरमधून फक्त वाचायची परवानगी असलेल्या युजरने प्रोग्रॅमच्या फायली ओढून घेईल, आणि तिच्यापलीकडे कोणाला काही दिसणार नाही. झेरॉक्सवाल्याला ईमेलवर किंवा एसएफटीपीवर वळवा. उलट टोकाची अडचणही आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय आणि प्रो आवृत्तीतही गेस्ट प्रवेश बंद झालाय. पासवर्डशिवाय उघडणारा 'कॉमन' फोल्डर नव्या लॅपटॉपवर चालणार नाही. तो प्रकार या निमित्ताने बंदच करा.

नेटवर्क. तुमचे ८ गिगाबिटचे फायबर चॅनल स्विच आणि कार्ड अजून चालतात म्हणून लगेच फेकू नका. फायबर चॅनल दोन पिढ्या मागचं ओळखतं, म्हणजे ३२ चा पोर्ट ८ शी बोलतो. ६४ चा बोलत नाही, तेव्हा कोटेशनमध्ये पोर्ट कुठला आहे ते बघा. नवीनच घ्यायचं असेल तर मी तुमच्या आकाराच्या कंपनीला आयस्कझीच (इथरनेटवरून लन देण्याची पद्धत) सांगेन, १० किंवा २५ गिगाबिट इथरनेटवर, दोन वेगळ्या स्विचमधून, ऑफिसच्या स्विचशी अजिबात न मिसळता. शेअरची वाहतूक ऑफिसच्या नेटवर्कवरून येऊ दे, लनची नको. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठे पॅकेट) लावणार असाल तर होस्ट, स्विच आणि बॉक्स या तिन्ही ठिकाणी एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ९००० हवं. तपासायचं ते ८९७२ बाइटच्या, तुकडे न होणाऱ्या पिंगने (९००० वजा आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८). साधा पिंग पास होतो, लॉगिन होतं, आणि मोठं लिखाण सुरू झालं की लन लटकतो. हे ओळखायला अख्खी रात्र जाऊ शकते. खात्री नसेल तर १५०० वरच ठेवा, तुमच्या लोडला फरक जाणवणार नाही.

तिसराही एक पर्याय आहे, जो व्हेंडर स्वतःहून सांगणार नाही: फक्त ब्लॉकचा बॉक्स घ्या आणि फायलींसाठी एक विंडोज सर्व्हर व्हीएम चालवा. तीन-चार टीबीची ऑफिसची कागदपत्रं असती तर मी हेच सांगितलं असतं. अँटिव्हायरस आत बसतो, परवानग्या ओळखीच्या, खर्च कमी. पण २५ टीबीवर ती व्हीएम जड होते. दर महिन्याच्या पॅचला रीस्टार्ट, आणि कधी चेकडिस्क लागलंच तर तासन्‌तास शेअर बंद. शिवाय नॅसच्या स्नॅपशॉटमधून युजर 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये जाऊन स्वतःची फाईल स्वतः परत आणतो, तुम्हाला फोन येत नाही. फाईलचा प्रोटोकॉल बॉक्समध्येच असण्याचा दुसराही उपयोग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचं गणित बदललंय आणि बऱ्याच कंपन्या प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही अशा दुसऱ्या हायपरवायझरकडे (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बघतायत. प्रॉक्समॉक्समध्ये एनएफएसवरच्या क्यूकाऊ२ (फाईलच्या रूपातल्या) डिस्कचे स्नॅपशॉट सहज घेता येतात, आयस्कझीवरच्या साध्या एलव्हीएमला (लिनक्सची डिस्क विभागण्याची पद्धत) ते बराच काळ जमत नव्हतं. उद्या हायपरवायझर बदलायची वेळ आली तर दोन्ही दरवाजे उघडे असलेले बरे.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, पण एकाच बॉक्सवर आल्यावर त्याला धार येते. रॅन्समवेअरने शेअरमधल्या फायली एन्क्रिप्ट केल्या तर स्नॅपशॉट वाचवतो. स्टोरेज अॅडमिनचा पासवर्डच गेला तर स्नॅपशॉटही जातात, आणि आता ईआरपी व फायली दोन्हीचे जातात. म्हणून पुसता न येणारे, मुदतबंद स्नॅपशॉट चालू करा. बॉक्सच्या अॅडमिन लॉगिनला डोमेनचा पासवर्ड लावू नका. बॅकअप वेगळ्या मशीनवर घ्या, जे डोमेनमध्ये नाही, आणि एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा. तुमचं एक नॅस अजून धड असेल तर पहिली प्रत तिथे जाऊ शकते, फक्त ते पूर्ण पुसून आणि वेगळ्या नेटवर्कवर टाकून. हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज झाला पाहिजे, असं कंपनी कायद्याच्या लेखा नियमांत २०२२ पासून आहे, आणि ऑडिटर त्याची नोंद मागतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना घडली तर ६ तासांत कळवायचं असतं. बॉक्सचे लॉग बॉक्सवरच राहिले तर त्याच दिवशी हाताशी नसतील, तेव्हा ते बाहेरच्या सिसलॉग (लॉग गोळा करणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा.

पीओ (खरेदीचा आदेश) काढण्याआधी पीओसी (प्रत्यक्ष चाचणी) मागा, आणि ती व्हेंडरच्या लॅबमध्ये नाही, तुमच्या रॅकमध्ये. ईआरपीची एक कॉपी लनवर चालू ठेवा, डिझाईनमधल्या कोणाला तरी शेअरवरची मोठी असेम्ब्ली उघडायला बसवा, आणि त्या चालू लोडवर एक कंट्रोलर ओढून काढा. ईआरपीचा लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) आलेख आणि असेम्ब्लीवाल्याचा चेहरा, दोन्हीकडे बघा. मग पॉवर केबल काढा. मग टेस्टसाठी बनवलेला छोटा पूल मुद्दाम भरून टाका आणि अलर्ट येतो का ते बघा. व्हेंडरचा इंजिनिअर कुरकुर करेल, करू दे.

कोटेशनमध्ये पाचही वर्षांचा सपोर्ट आत्ताच लिहून घ्या. तीन वर्षांचा घेतलात तर चौथ्या वर्षीच्या एएमसीच्या आकड्यावर वाटाघाट करायला तुमच्या हातात काही नसेल. वाढीव डिस्कचा दरही आजच बांधून घ्या, कारण वरच्या हिशोबाने त्या तीन वर्षांत लागणारच. 'चार तासांत पार्ट' लिहिलेलं असेल तर पार्टचा डेपो कुठे आहे ते विचारा. पुण्यात असेल तर ठीक, मुंबई किंवा बेंगळुरूहून येणार असेल तर चार तास फक्त कागदावर.

जुनं सॅन नव्या बॉक्सवर पहिला महिनाअखेर आणि जीएसटीचं रिटर्न पार पडेपर्यंत बंद करून रॅकमध्येच राहू दे. नंतर काढताना बायबॅकच्या सवलतीसाठी डिस्क व्हेंडरला तशाच देऊ नका. त्यांवर तुमचे दर, ग्राहकांची ड्रॉइंग आणि पगारपत्रकं आहेत. डिस्क तुमच्याकडे ठेवण्याची अट पीओमध्ये घाला, आणि ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या रीसायकलरकडून, तुमच्यासमोर, सीरियल नंबर टिपून त्या नष्ट करून घ्या.